रताळं, दाणा आणि शरणीचे पाय

ये गं मधू, अशी पुढ्यात बस. तो फोन पालथा ठेव जरा. मागच्या खेपेला आलीस तेव्हा तुझ्यासाठी रताळी उकडली होती, तुपावर परतून वर गूळ घातला होता. तू ताटली बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "आज्जी, कंदात नुसता स्टार्च असतो. मी बियाच खाते." मग पिशवीतनं बरणी काढलीस आणि चिमणीसारखी टिपत बसलीस. राग नाही आला मला. पण रताळ्याचा असा अपमान करून माझ्या घरातनं कुणी जाऊ नये. बियांची बाजू मी जन्मभर घेत आले, तरी हे सांगते.

झालं काय, इथल्या दिवाळी अंकाचे संपादक घरी येऊन, "तुमच्या कामाच्या आठवणी लिहा," असं सांगून गेले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पुढचं सगळं ऐकून-वाचून गोळा केलेलं. लिहायला बसले तर डोळ्यांपुढं तुझी ती बरणीच आली. तेव्हा वाचणाऱ्यांनी रागावू नये. मी बोलणार मधूशी, बाकीच्यांनी शेजारी बसून ऐकावं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता, पण त्यानं खेड्यांतनं उचलून सोलापुरात आणून टाकलेली माणसं शहरातच राहिली होती. गिरणीच्या चाळींमागं एका महिला मंडळानं लहान मुलांसाठी आहार केंद्र काढलं होतं. मी तिथं स्वयंपाकाला. स्वयंपाक म्हणजे तुमच्या घरातल्यासारखा नव्हे. सकाळी जाऊन चूल पेटवायची, शेंगदाणे भाजायचे, डाळं निवडायचं, उखळात घालून कुटायचं, गूळ चिरायचा, त्याची सुकडी नाहीतर पातळ लापशी करायची, आणि पाचाच्या आतली पोरं ओळीनं बसवून भरवायची. आठवड्यातनं एकदा वजनं. वजनाचा काटा शेंगांच्या अडतीतनं मागून आणलेला. त्याच्या हुकाला धोतराची झोळी बांधायची आणि पोराला त्यात सोडायचं. पोर बोंबलायचं, आई हसायची, काटा नाचायचा. तो थांबेपर्यंत श्वास धरून उभं राहायचं, हेच खरं कौशल्य.

वजनाच्या दिवशी डॉक्टरीणबाई यायच्या. मोठ्या दवाखान्यातली नोकरी सांभाळून येत, पण घाईत कधी दिसल्या नाहीत. पहिल्याच महिन्यात मी त्यांना विचारलं होतं, "बाई, एवढे दाणे कुटायला लावताय, त्यापेक्षा बटाटे, रताळी उकडून दिली तर पोट लवकर भरंल की पोरांचं."

त्यांनी मूठभर भाजके दाणे एका ताटलीत ठेवले आणि एक उकडलेलं रताळं दुसऱ्या ताटलीत. म्हणाल्या, "इंदूबाई, शेतकऱ्याची लेक ना तुम्ही? मग सांगा, झाड बी कशासाठी करतं?"

"पेरायला."

"म्हणजे लेकरासाठी. बी म्हणजे रोपट्याच्या बाळाला बांधून दिलेली शिदोरी. त्याला मातीतनं डोकं वर काढायचंय, पानं फोडायचीत, अंग बांधायचंय. म्हणून अंग बांधायचं सामान त्यात ठासून भरलेलं. प्रथिनं, तेल, खनिजं. आणि कंद? तो वेलानं स्वतःसाठी साठवलेला कोठा. पुढं पानं वाळली, दिवस वाईट आले तर जगायला म्हणून पिठाचा आणि साखरेचा साठा, त्यात पाणी भरपूर. रताळ्यानं ताकद येते, पोरगं खेळतं. पण नुसत्या रताळ्यावर त्याचं अंग बांधलं जात नाही."

मला ते एकदम पटलं. घरी जाऊन मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे माझ्या डब्यातली बटाट्याची भाजी आता बंद होणार." बंद नाही केली, पण महिनाभर तिच्यात कूट इतका घातला की गिरणीत त्यांचे सोबती म्हणायचे, "तुमच्यात बटाट्याची भाजी खातेत का शेंगाची चटणी?"

अशी मी दाण्यांची भक्त झाले. तेवढ्यात लक्ष्मक्का आली. ही आमच्या मागच्या गल्लीतली, तेलुगू विणकरांची सून, घरी बसून विड्या वळायची. पोटुशी होती. दिवेलागण झाली की तिला दिसेनासं व्हायचं. मागाच्या खांबावर कपाळ आपटून घेतलं होतं. मी लगेच, "तीळ खा, दाणे खा," म्हणून सुरू. डॉक्टरीणबाई हसल्या. "इंदूबाई, तुमचे दाणे इथं पुरे पडणार नाहीत. हिच्या डोळ्यांना गाजर पाहिजे, हिरवा पाला पाहिजे." औषध दिलंच त्यांनी, आणि वर तिला सांगितलं, "गाजर कच्चं चावत बसू नको, तेलात परतून खा. तेलाशिवाय त्यातला गुण अंगी लागत नाही." आणि तेल कशाचं? शेंगदाण्याचं. म्हणजे कंदाचा गुण बीच्या हाताला धरून पोटात उतरतो. लक्ष्मक्काला काही दिवसांनी संध्याकाळी सुईत दोरा ओवताना मी पाहिलं, आणि त्या दिवसापासनं गाजराला आमच्या केंद्रात मानाची जागा मिळाली. तुझ्या बरणीत तेल असेल भरपूर, पण गाजर आहे का, एवढंच विचारते.

आता शरणीची गोष्ट.

दिवाळीनंतर मंडळानं गुटगुटीत बाळांची स्पर्धा ठेवली. त्या काळी फार चालायच्या. बायका पोरांना काजळ-तीट लावून, झबली-टोपडी घालून आणायच्या आणि एकमेकींच्या पोरांकडं डोळ्यांच्या कोपऱ्यातनं बघायच्या. त्यात गुरव्वा आली. मैंदर्गीची म्हातारी, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं अर्धं कानडी अर्धं मराठी. दुष्काळात शेत पिकलं नाही म्हणून लेक गिरणीत लागला होता, त्याच्यामागं घर सोलापुरात आलेलं. तिच्या कडेवर नात होती, शरणी. दोन वर्षांची असेल. मागनं सून महादेवी, ओली बाळंतीण, पदराखाली महिन्याचं बाळ.

शरणी गुबगुबीत दिसत होती. गाल भरलेले, पाय भरलेले. शेजारच्या बायका म्हणाल्या, "हिचाच नंबर बघा."

गुरव्वा खूश. "मी वाढवलीय. रताळं उकडून, गूळ घालून, लोण्यासारखं मऊ करून घालते. सकाळी तेच, सांच्याला तेच. घशात अडकायची भीती न्हाई."

मी शरणीपुढं गुळाचा खडा धरला. तिनं घेतला नाही. नुसती बघत राहिली, तीही माझ्याकडं नव्हे, कुठंतरी लांब. रडली नाही, हसली नाही. केस पिंगट, मक्याच्या कणसाच्या शेंड्यासारखे. ज्या पोराला गूळ नको त्याचं काहीतरी बिघडलंय, एवढं मला कळलं. काय बिघडलंय ते कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि घोट्याच्या वर अंगठा दाबला. काढला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खळगा पडला, आणि तो भरून येईना. त्यांचा चेहरा बदलला.

"आजी, ही गुटगुटीत नाही. हिच्या अंगात पाणी भरलंय. अंग बांधायचं सामान पोटात जात नाहीये, म्हणून ही सूज आहे. हिला दवाखान्यात ठेवा."

गुरव्वा ताडकन उठली. "बक्षीस द्यायचं नसंल तर नगा देऊ. पर धडधाकट पोरीला रोगी कशाला म्हंताव?" बायकांच्या गर्दीतनं ती वाट काढत गेली. सूजच ती, आणि सगळ्यांनी तिला बाळसं म्हटलं होतं. मीसुद्धा मनात तेच म्हटलं होतं.

दारात महादेवी थांबली. पदराआडनं हळूच म्हणाली, "मावशी, मी आणते हिला. रोज आणते."

डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं, ताप आला किंवा पोरीनं खायचं सोडलं तर थेट दवाखाना. तोवर पावडरचं दूध, थोडं थोडं, दिवसातनं पुष्कळदा. मग दुधात डाळ्याचं पीठ कालवून. मला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. "सूज उतरली की पोर आधी वाळलेली दिसेल. वजन कमी होईल. घरचे घाबरतील. तेव्हा तुम्ही घाबरू नका."

तसंच झालं. महादेवी तान्हं पाठीशी बांधून शरणीला आणायची. मी चमच्यानं भरवायची. निम्मं बाहेर यायचं. ती स्वतःहून तोंड उघडत नव्हती, मागत तर कधीच नव्हती. हळूहळू पाय उतरले, गाल उतरले. खाली काय निघालं? काड्या. काट्यावर झोळी लोंबली ती अशी हलकी की मी पोराला काढून पुन्हा एकदा वजन केलं. डॉक्टरीणबाई मात्र समाधानानं मान हलवत होत्या.

एके दिवशी गुरव्वा स्वतः केंद्रात आली. नातीचा दंड हातात धरला आणि माझ्यापुढं केला.

"भरली पोर तुमच्याकडं पाठवली, आन् तुमी हाडं परत देताव व्हय?"

मी समजावत होते, सूज होती, पाणी होतं. ती कुठली ऐकते.

"काय घालताव हिच्या पोटात?"

"दूध. आणि डाळ्याचं पीठ."

"डाळं? म्हंजी हरभरा?" एवढंच म्हणाली. रागानं नव्हे. तिचा आवाज खालीच गेला. पोर उचलली आणि निघाली. मला वाटलं, दाणा उष्ण असतो, बाधतो, अशी पुष्कळ म्हाताऱ्यांची समजूत असते, त्यातलंच काहीतरी.

दुसऱ्या दिवशी शरणी आली नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या चाळीत गेले. शेजारीण म्हणाली, "येळवशीला गावाकडं गेलीत सगळी. म्हातारी म्हंत हुती, पोरीला तिकडंच ठेवून घेते. हितल्या खाण्यानं मरंल म्हणली."

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "परत नुसत्या रताळ्यावर गेली तर या खेपेला तरून जाणार नाही. तिच्या अंगात आता शिल्लक काही नाही." ओरडून नाही सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

येळवस तुला माहीत आहे, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते. मार्गशीर्षातली अवस. आमच्याकडं, आणि अक्कलकोटच्या खालच्या अंगाला तर जास्तच, त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडायचे, काळ्या आईला नैवेद्य दाखवायचा. आणि एक रीत अशी की बांधावरनं जाणाऱ्या माणसाला हाक मारून जेवायला बसवायचंच. ओळखीचा असो, नसो, भांडलेला असो. मी म्हटलं, बास. वर्षात हा एकच दिवस असा आहे की गुरव्वा मला हाकलू शकत नाही.

सकाळची एसटी धरली. मैंदर्गीच्या अलीकडं उतरले, विचारत विचारत शेत गाठलं. ज्वारी कमरेला लागत होती. ज्या बांधावर जावं तिथनं हाक यायची, "बर्री, ऊटा माडरी." या, जेवा. मी आपली "हो, हो, पुढं जाऊन येते," म्हणत चाललेली. शेवटी त्यांची खोप दिसली. गुरव्वानं मला बघितलं. तोंड फिरवलं. क्षणभर वाटलं, रीत मोडते का काय ही. मग फिरवलेल्या तोंडानंच म्हणाली, "बर्री. ऊटा माडरी."

मी बसले. महादेवीनं वाढलं. बाजरीचे उंडे, तीळ थापलेली भाकरी, आंबील, आणि भज्जी. ही भज्जी म्हणजे तुमची तळलेली नव्हे बरं का. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाचे दाणे, शेंगदाणे, आणि त्यातच गाजर, वांगं, कांद्याची पात, मेथी. चिंच आणि बेसन लावून मोठ्या भांड्यात रटरटवलेली. मी पहिला घास घेतला आणि मनात आलं, डॉक्टरीणबाईंच्या त्या दोन्ही ताटल्या इथं एका पातेल्यात शिजल्यात की. कुणी सांगितलं असेल या लोकांना?

आणि समोर बघते तर गुरव्वा शरणीची थाळी मांडीवर घेऊन भज्जीतला एकेक दाणा बोटानं वेचून बाहेर टाकत होती. हरभरा, वाटाणा, तूर. साल चिकटलेलं दिसलं तरी काढायची. उरलेलं गाजर चिरडून तेवढंच पोरीच्या तोंडापाशी. पोर तोंड मिटून.

"अव्वा, दाणे का काढताय?"

महादेवीनं मान खाली घातली. तिलाही ठाऊक नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मग म्हातारी थाळीकडं बघतच बोलली. "माझा थोरला. हिच्या आज्ज्याच्या मांडीवर बसायचा, एवढाच हुता. खळ्यावर रडत हुता, माझ्या हातात काम. म्हणलं गप बसंल, म्हणून हातावर फुटाणे ठेवले. एक दाणा अडकला." तिनं आपल्या गळ्याला हात लावला. "पाठीवर मारलं. पानी पाजलं. उलटा धरला. न्हाई निघाला."

शेजारच्या शेतात कुणीतरी आंबील शिंपडत फिरत होतं, त्यांची हाळी ऐकू येत होती.

मी म्हटलं, "अव्वा, तुमचं खरं आहे. एवढ्याशा लेकराला अख्खा दाणा देऊच नये. डॉक्टरीणबाईही आम्हाला तेच बजावतात."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "मग कशाला देताव?"

"अख्खा नाही देत. कुटून, पीठ करून देतो."

"तुमच्या कुटण्यावर मी कसा भरवसा ठिऊ? एखादी कणी ऱ्हायली म्हंजी?"

"मग तुमी कुटा की," मी म्हटलं. "माझ्यावर नका ठेवू भरवसा. तुमच्या बोटांवर ठेवा."

गुरव्वा उठली. बांधावरचा एक सपाट दगड धुतला, दुसरा गोल गोटा धुतला. वेचून टाकलेले दाणे नव्हे, पातेल्यातनं नवे घेतले. सालं चोळून काढली. वाटलं. पुन्हा वाटलं. अंगठा आणि बोटात चिमूट धरून चोळून बघितली, जिभेवर ठेवून बघितली, मान हलवली, परत वाटलं. आम्ही सगळे जेवण सोडून बघत बसलो. लेक म्हणाला, "अव्वा, आता दगूड झिजंल." ती हसली नाही. शेवटी लोण्यासारखं झालं तेव्हा त्यात गाजर चिरडलं, थोडी आंबील सोडली, आणि बोटावर एवढंसं घेऊन शरणीच्या ओठाला लावलं. आणि गिळेपर्यंत पोरीच्या गळ्यावरची नजर हलवली नाही.

शरणीनं गिळलं. दुसरं बोट. तिसरं. मग म्हातारी थांबली, पुरे म्हणून.

पोरीनं आज्जीचा हात धरला, आपल्याकडं ओढला आणि म्हणाली, "इन्नू."

म्हणजे, आणखी. इतक्या दिवसांत त्या पोरीनं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. महादेवी पदरात तोंड घालून रडायला लागली, आणि गुरव्वा तिच्यावर खेकसली, "रडाय काय झालं? दाणे सोल."

सोलापूरला परतल्यावर म्हातारी नातीला घेऊन रोज केंद्रात यायला लागली. नात ओळीत बसायची, ही उखळापाशी. तिच्या बोटांखालनं गेल्याशिवाय कूट पातेल्यात पडायचा नाही. आम्हाला म्हणायची, "तुमी कुटताव का कोंबड्याला टाकताव?" शरणीचे पाय पुन्हा सुजले नाहीत. हळूहळू मांस धरलं, केस काळे झाले, आणि एके दिवशी माझ्या पुढ्यातला गुळाचा खडा न विचारता उचलून पळाली. रताळंही बंद केलं नाही आम्ही. तिला आवडायचं. नुसतं त्याला एकटं सोडलं नाही.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत शरणीचा नंबर आला नाही. काटक दिसत होती, एका जागी बसेना, परीक्षक बायकांना कशी आवडणार अशी? नंबर एका जाड्याजुड्या बाळाचा आला. टाळ्या वाजत होत्या, तेवढ्यात गुरव्वा गर्दीतनं पुढं गेली आणि त्या बाळाच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला. वाट बघितली. मग डॉक्टरीणबाईंकडं वळून म्हणाली, "खळगा न्हाई. द्या ह्येला बक्षीस."

सगळीच पोरं अशी परत आली नाहीत, मधू. काहींचं येणं मध्येच बंद झालं आणि ती कुठल्या गावाला गेली, ते चाळीत कुणालाच सांगता आलं नाही. प्रत्येकासाठी येळवस येत नाही, आणि प्रत्येक बांधावरनं हाक येत नाही. ती पोरं अजून आठवतात. उखळ दिसलं की आठवतात.

गुरव्वा आता नाही. शरणी मैंदर्गीलाच असते, नातवंडांची आज्जी झालीय. शेत तीच बघते. पायरीपाशी वाटणाचा दगड आहे, तो बांधावरचाच. दर येळवशीला तिचा निरोप येतो, "मावशी, कवा येताव?" आणि मी गेल्यावर ती पहिल्यांदा माझ्याच घोट्यावर अंगठा दाबून बघते. म्हातारपणी सूज येते की थोडी. मग मला रागावते.

तर या येळवशीला तूही चल. बरणी आणलीस तरी चालेल, शरणी तिच्यातल्या बियाही भज्जीत टाकेल, तिला काही विशेष वाटणार नाही. तुझे दात शाबूत आहेत, तुला वाटून कुणी देणार नाही. पण गाजर वेचून बाजूला काढलंस तर मग ती, तू आणि तुझं नशीब. मी आता एकटी एसटी चढू शकत नाही, गुडघे ऐकत नाहीत, म्हणून तुला आधीच सांगते. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याकडं ये. लवकर ये गं. तुझ्या तोंडून एकदा "इन्नू" ऐकायचंय मला.